न बोलता खेळता येईल असा खेळ

कळंब, २२ जून २०२५

चि. उत्तरेश्वर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. एसटीच्या भूम आगारात जन्मभर गाड्या सोडणारा माणूस निवृत्त झाल्यावर संगणकावरचे खेळ विकत घ्यायला निघतो आणि त्यांची इंग्रजी पानं छापून थोरल्या बहिणीला टपालानं पाठवतो, असं काही मी पोस्टमास्तर असताना कधी पाहिलं नव्हतं. फोन का केला नाहीस? फोनवर मी तुझं खोटं आवाजावरून ओळखते, म्हणून असेल.

खेळ नातवासाठी हवाय असं लिहितोस. ठीक आहे, तूर्तास मानते. पुण्यात वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या पोराला खेळ निवडून द्यायला भूमचा आजोबा कशाला लागतो, हे मात्र मला कळलेलं नाही.

तिन्ही खेळांची पानं चष्मा पुसून वाचली. सगळे एकाच जातीचे आहेत. आपण एक सोंग घ्यायचं, त्याला नाव द्यायचं आणि देशोदेशींच्या सोंगांबरोबर एका खोट्या मुलखात हिंडायचं.

‘क्राउन्स ऑफ ॲश’वर सर्वांत मोठी सवलत आहे, म्हणून माझा सर्वांत जास्त संशय त्याच्यावर. बारीक अक्षरात लिहिलंय की तलवार वेगळी विकत घ्यायची, घोडा वेगळा आणि घोड्याचं खोगीर वेगळं. जेवणाचं आमंत्रण द्यायचं आणि ताटात मीठ वाढायचे पैसे मागायचे, असा प्रकार. शिवाय तिथं सगळे कानाला यंत्र लावून एकमेकांना शिव्या देतात, असं खेळणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय.

‘आयर्न हेल्म’ला दर महिन्याला वर्गणी आहे. वर्गणी थांबली की तुझं सोंग असेल तिथं गोठून उभं राहणार. पेन्शनरानं त्या वाटेला जाऊ नये.

राहिला ‘थॉर्नव्हेल’. जुना आहे, एकदाच विकत घ्यायचा. तरुण मंडळी तक्रार करतात की इथं कुणाला घाई नसते, चालून चालून पाय दुखतात. मेंढरं राखता येतात, मासे धरता येतात, लढायचंच असलं तर लांडगे आहेत. सवलत खरी आहे. मी मागच्या वर्षाच्या किमती काढून पाहिल्या. बाकीच्या दोघांची खोडून दाखवलेली ‘मूळ किंमत’ वर्षभरात एकदाही लागलेली नव्हती. आधी भाव चढवायचा आणि मग दया दाखवायची, हे आपल्या आठवडी बाजारातली बाईसुद्धा इतक्या निर्लज्जपणे करत नाही.

तू शेवटी ज्या स्वस्त दुकानाचं पान जोडलंस, जिथं खेळ मिळत नाही, खेळाच्या कुलपाचा नुसता आकडा मिळतो, तिथं पाऊल ठेवू नकोस. असे आकडे पुष्कळदा चोरलेल्या कार्डावर घेतलेले असतात. चोरी उघडी पडली की खेळ जातो आणि नाव तुझं राहतं.

आता माझा प्रश्न. तुझ्या अटी पुन्हा वाचल्या. दोघांना बरोबर हिंडता आलं पाहिजे, तोंडानं बोलावं लागता कामा नये, लिहिण्याचीही सक्ती नको, कितीही वेळ नुसतं बसून राहता आलं पाहिजे. उत्तरेश्वर, या नातवाच्या अटी नाहीत. या चोरून भेटणाऱ्यांच्या अटी आहेत.

तुझी ताई

•

भूम, १ जुलै २०२५

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र पावलं. तुम्ही सांगितलं तसं थॉर्नव्हेल घेतलं, मोठ्या दुकानातूनच घेतलं, आकडेवाल्याकडं गेलो न्हाय. सवलत संपायच्या आदल्या दिवशी मिळालं. तुमच्यामुळं फसायचो ते वाचलो.

खेळ लई चांगला हाय. सुरुवातीला माणूस भिंतीत जाऊन उभाच राहायचा, आता वळतंय. एक दगडी पूल हाय, खाली पाणी, पलीकडं माळ. माळ अगदी आपल्या पाथरूडच्या वाटेवरल्यासारखा, नुसती कुसळं. पहिल्या दिवशी आम्ही त्या पुलावर बसलो ते तिथं दिवस मावळेपर्यंत. तिथला दिवस लवकर मावळतो.

नातू मजेत हाय. सूनबाई सोनालीनं तुमच्यासाठी कुरडया केल्यात, कुणी कळंबला येणारं भेटलं की पाठवतो. गुडघ्याला तेल लावत जावा.

तुमचा
उत्तरेश्वर

•

कळंब, ६ जुलै २०२५

चि. उत्तरेश्वर यास आशीर्वाद.

‘आम्ही’ कोण?

नातू पुण्यात, तू भूमला, सोनालीला कामातून डोकं वर काढायला वेळ नाही आणि रणधीर बापाबरोबर पुलावर बसेल असा मुलगा नव्हे. मग ‘आम्ही त्या पुलावर बसलो’ यातला दुसरा माणूस कोण? कुरडयांचा विषय काढून मला गप्प करू नकोस. मला कुरडया आवडत नाहीत हे तुला शाळेत असल्यापासून माहीत आहे.

मी स्पष्ट लिहिते. तुझी बायको कमल गेली त्याला अजून दोन वर्षं व्हायची आहेत. एकट्या पेन्शनर पुरुषाला हेरणाऱ्या टोळ्या असतात. आधी नुसत्या शेजारी बसतात, काही मागत नाहीत, काही बोलत नाहीत. माणसाला वाटतं, जगात आपल्याजवळ गप्प बसणारं कुणीतरी आहे. मग एक दिवस आई आजारी पडते. माझ्या काउंटरवर अशा किती जणांनी मनीऑर्डरी केल्या ते मी पाहिलंय. हटकलं की रागवायचे, वर म्हणायचे, बाई, तुम्हाला लग्नाचा अनुभव नाही, तुम्हाला काय कळणार. मला फॉर्मवरची सही थरथरलेली कळायची, तेवढं पुरे होतं.

तेव्हा त्या माणसाचं खरं नाव, गाव आणि ओळख कशी झाली ते उलट टपाली कळव. नाहीतर मी धाराशिवला जाऊन सायबर पोलिसांकडे अर्ज देते. अर्ज इंग्रजीत लिहीन म्हणजे त्यांना तो फाईलला लावण्यापूर्वी निदान कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागेल.

तुझी ताई

•

भूम, ११ जुलै २०२५

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

पोलिसात जाऊ नका, एवढी विनंती. बाई न्हाय. पुरुष माणूस हाय, माझ्याच वयाचा. त्यानं माझ्याकडं आजवर काहीही मागितलेलं न्हाय. नाव सांगायला मला मनाई न्हाय, पण मी सांगणार न्हाय. तुमच्याशी आजवर असं कधी बोललो न्हाय, माफी करा.

खेळात त्याचं नाव काळाघोडा. तो रोज दुपारी चहाच्या वेळेला पुलावर येतो. मी पण येतो. हात वर करायचं एक बटण हाय, ते दाबतो, मग माळावर जातो, मेंढरं वळतो. एका अक्षरानं बोलत न्हाय. तुम्ही ठग म्हणता म्हणून एक सांगतो. या खेळात लांडगा चावला की अंगातला जीव कमी होतो आणि भाकरी खाल्ली की भरून येतो. माझ्या पिशवीत भाकरी असतात. मी पुढं करतो. तो घेत न्हाय. परवा तीन लांडग्यांनी धरलं, मी भाकरी धरून उभा होतो, त्यानं मान हलवली आणि माझ्या डोळ्यांदेखत मेला. मेला की पुन्हा पुलापासून चालत यावं लागतं. तसा चालत आला. माझ्या हातची खोटी भाकरी खात न्हाय, तो माझं खरं काय खाणार?

तुम्ही काळजी करू नका.

उत्तरेश्वर

•

कळंब, २४ जुलै २०२५

उत्तरेश्वर,

मधले दिवस मी पत्र लिहिलं नाही, कारण मी थॉर्नव्हेलमध्ये होते.

तुझ्या भाकरीच्या गोष्टीनं माझा संशय गेला असं तुला वाटलं असेल. उलट वाढला. मोठा घास गिळायचा असला की ठग लहान घास नाकारतो, ही त्यांची जुनी रीत आहे. म्हणून मी तो खेळ विकत घेतला. सवलत संपली होती, पूर्ण किंमत मोजावी लागली, आणि तो राग मी तुझ्या खात्यावर लिहून ठेवला आहे. सोंगाचं नाव ठेवलं ‘आगंतुक’. तू तुझ्या मेंढरांमागं माळावर पुढं गेलास आणि काळाघोडा पुलावर मागं राहिला की मी तिथं जायची. एकदा तू माझ्या शेजारून गेलास आणि मला हात वर करून दाखवलास. ओळखलं नाहीस.

काळाघोडा माझ्याशी मात्र घडाघडा बोलायला लागला. रोमन अक्षरात मराठी लिहितो, वाचताना पडसं झाल्यासारखं वाटतं. मी पोलिसासारखे प्रश्न विचारले. कुठले? लोहारा. काय करता? तहसीलमध्ये होतो, आता अंथरुणात असतो, पायाला जखम आहे, साखर आहे. घरी कोण? एकच मुलगी, समृद्धी, तिनंच हे मशीन आणून उशाशी लावलं. पैसे मागण्याची मी वाट पाहत होते. त्यानं मला उलट मासे धरायला शिकवलं, आणि मी गळ उलटा टाकते म्हणून हसला.

मग लांडगा आला. त्याला चावला. मी परीक्षा म्हणून माझी भाकरी पुढं केली. त्यानं घेतली आणि खाल्ली. वर लिहिलं, देव भलं करो.

आता सांग, अनोळखी माणसाच्या हातची चालते आणि रोज बरोबर हिंडणाऱ्या जोडीदाराची चालत नाही, हा कुठला ठग? मी विचारलं, तो दुसरा देतो तेव्हा मरता, पण घेत नाही, असं का?

मग त्यानं लिहिलं ते जसंच्या तसं उतरवते.

‘तो माझा चुलतभाऊ आहे. आमच्या दोन घरांचं सुतक तुटलंय. माझ्या वडलांनी तोडलं. म्हणून बोलणं नाही, एकमेकांच्या घरचं अन्नपाणी नाही. पुन्हा जोडायचं तर आमच्या घरच्या मोठ्यानं त्यांच्या घरच्या मोठ्याच्या हातचा पहिला घास खायचा असतो. आमच्यात मोठा आता मीच. पण त्यांच्यात मोठा तो नाही, त्याची थोरली बहीण आहे. लग्न करून दुसऱ्या घरी गेली नाही, म्हणजे त्या घरची मोठी तीच. सगळं झालं ते तिच्यावरून. तिला वगळून धाकट्याच्या हातचं खाल्लं तर तिचा दुसऱ्यांदा अपमान होईल.’

मी लिहिलं, अहो, खेळातली भाकरी आहे.

त्यानं लिहिलं, ‘भाकरी खेळातली आहे. बटण दाबणारा हात त्याचाच आहे ना.’

मी मशीन बंद केलं.

तर तो भागवत आहे. आपल्या चुलत्याचा भागवत. मला सोलापूरला कॉन्व्हेंटात घातलं म्हणून ज्या चुलत्यानं पारावर उभं राहून पोरगी बाटवली असं गावाला ओरडून सांगितलं, आणि आपल्या वडलांच्या, आबांच्या, दहाव्याला, तुमचं सुतक आम्हाला नाही, आमचं तुम्हाला नाही, म्हणून जो पंगतीतून उठून गेला, त्याचा मुलगा. मी तेव्हा सुट्टीला घरी आले होते. परकर नीट करत दारामागं उभी होते. आबांसाठी रडायचं की स्वतःची लाज वाटून घ्यायची, हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही.

आणि तू त्या घराची वाट माझ्याकडूनच विचारून घेतलीस. कुठल्या खेळात बोलावं लागत नाही हे शोधायला मला बसवलंस. याला काय म्हणतात ते तूच ठरव.

तुळजा

•

भूम, २८ जुलै २०२५

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

तुम्ही खाली ‘तुळजा’ लिहिलंत, ‘ताई’ लिहिलं न्हाय, ते बघितलं.

आता काही लपवत न्हाय. मागल्या वर्षी सोलापूरला डॉक्टरकडं एकाच बाकावर आम्ही दोघं बसलो. तो नंबर यायची वाट बघत होता, मी पण. आमच्यात बोलणं न्हाय म्हणून दोघं समोरच्या कॅलेंडरकडं बघत बसलो. त्याच्या पायाला पट्टी होती. समृद्धी मध्येच उठून माझ्या कानात म्हणाली, ‘काका, बोलायचं न्हाय ना तुम्हाला, मग बोलू नका. खेळायला तर कुणी बंदी केली न्हाय.’ तिनं आधी एक फुकटचा खेळ लावून दिला. तो बंद पडला. त्यात जोडीदाराशी बोलायची सक्ती पण होती. म्हणून तुम्हाला विचारलं. इंग्रजी वाचणारं आपल्या घरात दुसरं कोण हाय?

नातवाचं खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही ‘नको’ म्हणाला असता, आणि ते तुमचं बरोबरच असतं. मग मला जाता आलं नसतं.

आता त्याचा पाय गुडघ्याखालून काढणार हाईत. श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी, सोलापूरला. भुलीतून उठेल का याची त्याला धास्ती हाय. मुलगा न्हाय. समृद्धी म्हणते मी सगळं करीन, आणि ती करील, वाघीण हाय. पण त्याच्या मनात एकच. भावकीतला माणूस खांद्याला न्हाय, दहा दिवस कुणाच्या घरी देव्हारा बंद न्हाय, म्हणजे आपण बेवारस गेलो. हे त्यानं मला सांगितलं न्हाय, समृद्धीनं सांगितलं. मला त्यानं फक्त हात वर केलाय.

तुमच्यावर मी काही घालत न्हाय, ताई. तुम्ही ‘खेळ बंद कर’ म्हणालात तर आजच बंद करतो. फक्त मंगळवारपर्यंत राहू द्या.

उत्तरेश्वर

•

कळंब, ३० जुलै २०२५

भागवत,

मायना काय लिहावा हे ठरेना. चिरंजीव लिहावं तर तू आजोबा होण्याच्या वयाचा, राजमान्य लिहावं तर तुझं बालपणीचं शेंबडं नाक मला आठवतं. म्हणून नुसतं नाव. पन्नासहून जास्त वर्षं न बोलणाऱ्या घरातून पत्र आलं म्हणून दचकू नकोस. पत्र स्पीड पोस्टानं टाकते आहे. मी स्वतः तिकिटं लावलीत, तेव्हा ते पोचेल.

पुलावर मासे धरायला शिकताना ज्यानं तुला त्रास दिला, तो ‘आगंतुक’ मी. मी तुला ठग समजून आले होते. पैसे कधी मागतोस याची वाट पाहत बसले, आणि तू मला गळ टाकायला शिकवत राहिलास. आता माझ्यावर रागव, त्याला माझी हरकत नाही.

पण एक लक्षात घे. लांडगा चावल्यावर तू माझी भाकरी घेतलीस. घर विचारलं नाहीस, जात विचारली नाहीस. बटण दाबणारा हात ज्याचा त्याचा असतो हे तूच मला सांगितलंस, आणि स्वतःचा नियम मोडणाऱ्या माणसाबद्दल माझं मत चांगलं नसतं. तेव्हा पहिला घास झाला. आमच्या घरच्या मोठीच्या हातचा, तुमच्या घरच्या मोठ्यानं खाल्ला. सुतक त्या दुपारी जुळलं. आपल्या दोघांनाही ते ठाऊक नव्हतं, एवढंच.

याचा अर्थ मी तुझ्या वडिलांना माफ केलं असा घेऊ नकोस. ते केलेलं नाही आणि मला ती घाईही नाही. तुला माफ करण्यासारखं काही सापडतं का ते मी नीट शोधलं. सापडलं नाही. तू तेव्हा पंगतीत पत्रावळीवरून उठवला गेलेला एक पोरगा होतास, पोट तुझंही रिकामंच राहिलं असणार.

भावकीतली मंडळी हसतील, संगणकातली भाकरी धरत नाहीत म्हणतील. बाई मोठी कशी धरता असंही म्हणतील. त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. म्हणून रविवारी उत्तरेश्वरला बरोबर घेऊन मी सकाळच्या एसटीनं लोहाऱ्याला येते आहे. ज्वारीची भाकरी माझ्या हातची असेल. चार शेजारी बोलावून ठेव, साक्षीला. समृद्धीला सांग, बेसन तिनं करावं. आणि तिला हेही सांग की चितेला अग्नी मुलीनं द्यायचा की भावकीतल्या पुरुषानं, असा वाद निघाला तर मी तिच्या बाजूची आहे. खांद्याला मात्र उत्तरेश्वर असेल, आणि देव्हारा माझ्या घरी बंद राहील. हे तुला लिहून दिलं. आता त्याची गरज पाडू नकोस, मला इतके दिवस विनापूजेचं बसायला आवडत नाही.

तोवर उत्तरेश्वर पुलावर भाकरी पुढं करील ती घे. या वयात उपाशीपोटी लांडग्यांच्या हातून पुन्हा पुन्हा मरणं शोभत नाही.

तुझी थोरली बहीण
तुळजा